खारेपाटाचा माणूस सभागृहात

अलिबागहून पोयनाडच्या वाटेला लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सपाट भातशेती पसरलेली दिसते. हा आमचा खारेपाट. ही जमीन एके काळी भरतीच्या पाण्याखाली जात असे. वाडवडिलांनी खाडीच्या चिखलाचे बांध घातले, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर पडावं आणि भरतीचं आत येऊ नये म्हणून बांधात उघाडी बसवली, काही पावसाळे गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढलं, तेव्हा कुठे इथे भात उभं राहिलं. जुन्या सरकारी दप्तरात या जमिनींना शिलोत्री म्हणत. बांध फुटून जे तोंड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की घरटी एक माणूस जोळाला, म्हणजे बांध बुजवायच्या सामाईक कामाला जायचा, रात्र असो की पाऊस. दुसऱ्या भरतीच्या आत ती बुजली नाही तर खारं पाणी शेतभर फिरतं आणि पुढली दोन-तीन वर्षं तिथे दाणा होत नाही.

हे आधी सांगितलं, कारण आमच्याकडे लोकप्रतिनिधी पारखायची रीत याच बांधावर तयार झाली. तो सभागृहात काय बोलला हे म्हातारी माणसं विचारत. पण त्याआधी विचारत, की तो खांडीवर येऊन उभा राहिला होता का? आणि मुंबईत झालेला कायदा आपल्या बांधापर्यंत पोचवायला तो परत आला का? राज्यशास्त्राची पुस्तकं मी पुढे वाचली, पण आमदार-खासदारांना लावायचं याहून नेमकं माप मला त्यांत सापडलं नाही.

माझी आजी खारेपाटातल्याच चरी गावच्या बाजूची. चरीचा संप तिने लहानपणी पाहिला, आणि मी तो तिच्या तोंडून ऐकला. जमिनी खोत-सावकारांच्या, राबणारी कुळं आगरी. कागदावर अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा मालकाचा. पण खळ्यावर माप पडायला लागलं की निम्म्यावर थांबत नसे. जुनी बाकी, व्याज, मालकाच्या घरची वेठ, परसातली भाजी, खुराड्यातली कोंबडी, सगळं त्याच्या हिशोबात धरलेलं. आजी सांगायची, खळं झाडून घरी यायचं तेव्हा टोपलीत भातापेक्षा पळंजच जास्त. बांध कुळांनी घातलेला, खांड कुळांनी बुजवलेली, आणि कबुलायतीवर अंगठाही कुळाचाच. त्यात काय लिहिलंय हे वाचणारा मात्र गावात कोणी नाही.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरीला सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं, की यापुढे शेत लावायचं नाही. तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! शेतकऱ्याने शेती न करण्याचा संप म्हणजे आपल्याच पोटावर बसणं. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरल्या, करवंदं-उंबरं खाल्ली, परगावी मजुरीला गेले. आजीच्या बोलण्यात त्या वर्षांबद्दल तक्रार कधी आली नाही. ती एवढंच म्हणायची, "पानी घुसला, भात गेला, पन मानूस नाय हलला."

नारायण नागू पाटलांचं मोठेपण मला दोन गोष्टींत दिसतं. संप टिकवला ही एक. दुसरी अशी, की गावचं भांडण गावातच मिटणार नाही, ते कायदे करणाऱ्या सभागृहात न्यावं लागेल हे त्यांनी पहिल्यापासून ओळखलं. १९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषद भरली तेव्हा अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. पुढे स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबई प्रांताच्या विधानसभेत गेले, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोताला नुकसानभरपाई द्यावी, पण सरकार आणि कसणारा यांच्यामधून त्याला काढावं, असा त्याचा गाभा. चरीच्या माळावर बसून ऐकलेलं गाऱ्हाणं तीन वर्षांच्या आत कलमांच्या भाषेत सभागृहाच्या पटलावर आलं होतं. लोकप्रतिनिधीच्या कामाचा याहून स्वच्छ नमुना आमच्या किनाऱ्याच्या इतिहासात मला दुसरा माहीत नाही.

विधेयक पुढे सरकेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. आमच्या घरातले एक चुलत आजोबा त्यात होते. गावातून चालत बंदरावर, तिथून पाण्याने मुंबई. कौन्सिल हॉल म्हणजे अपोलो बंदराजवळची ती जुनी दगडी इमारत, पूर्वीचं खलाशांचं विश्रामगृह. १९२८ पासून तिथे कायदेमंडळ बसत असे. चुलत आजोबांना शहराचं काही सांगता यायचं नाही, पण त्या दिवसाचे दोन तपशील ते दरवेळी न चुकता सांगत. एक, इतक्या माणसांच्या पायांत वहाणा नव्हत्या आणि रस्ता डांबरी होता. दुसरा, मंत्र्यांना भेटायला शिष्टमंडळ आत गेलं तेव्हा बाहेरचे सगळे उन्हात खाली बसले आणि कोणी उठून गेलं नाही. आत काय बोलणं झालं ते त्यांना कळलं नव्हतं. "आपला बोलना आत पोचला," एवढं मात्र ते ठामपणे म्हणत.

पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला येऊन गेले. १९३९ मध्ये संप मिटला आणि त्याच साली मुंबई प्रांताचा पहिला कूळ कायदा झाला. खोती जायला मात्र १९४९ चा कायदा यावा लागला. बाबासाहेबांच्या विधेयकापासून बारा वर्षं.

सभागृहातला शब्द खाली उतरायला वेळ लागतो, आणि तो आपोआप तर उतरतच नाही. याची आमच्या जिल्ह्याला झालेली सगळ्यात मोठी ओळख चरीच्याही आधीची आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा खंबीर माणूस होता. तरी तळ्याचं पाणी कोणाला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी स्वतः हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव कागदावरून पाण्यापर्यंत गेला, आणि त्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. बोले यांचं ऋण मी कमी लेखत नाही. तो ठराव नसता तर महाडच्या माणसांच्या हातात कायद्याचा आधार नसता. पण ठराव करणारा आणि तो तळ्यावर नेणारा, दोघे लागतात. आणि क्वचित हे दोन्ही एकाच माणसात येतं.

आता कूळ कायद्याची गोष्ट, कारण ती माझ्या घरातली आहे.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. पण मालक मानलं जाणं वेगळं आणि सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव चढणं वेगळं. मधला सगळा रस्ता मामलेदार कचेरीतून जात होता. १९४८ च्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली कुळाला नोटीस यायची. त्याने शेतजमीन न्यायाधिकरणापुढे हजर राहायचं, जमीन विकत घ्यायला मी तयार आहे असं तोंडाने सांगायचं, मग किंमत ठरायची. ती आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत कितीही. हप्त्यांनी ती फेडायची आणि शेवटचा हप्ता फिटला की ३२ म चं सर्टिफिकेट मिळायचं. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बायकासुद्धा 'बत्तीस ग झाला, बत्तीस म राहिला' असं सहज बोलत. कारण या दोन अक्षरांमध्ये घरं उभी राहिली आणि बुडाली. कूळ हजर राहिलं नाही किंवा 'मला घ्यायची नाही' असं म्हणालं, तर खरेदी निष्फळ ठरायची.

आणि कुळं 'नाही' म्हणत होती! चार पिढ्या ज्याच्या ओटीवर चढताना वहाणा काढल्या, त्याच्या तोंडावर त्याचीच जमीन मागायची? काही मालकांनी गोडीने सांगितलं, काहींनी जुन्या कर्जाची आठवण दिली, काहींनी फक्त कचेरीच्या दारात येऊन उभं राहायचं काम केलं. तेवढं पुरत होतं.

आजोबांच्या नावाची नोटीस आली तेव्हा आदल्या रात्री लाल बावट्याचा एक कार्यकर्ता घरी मुक्कामाला आला. शेतकरी कामगार पक्ष १९४७ मध्ये निघाला होता आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात त्याची मुळं चरीच्या संपात होती. हा कार्यकर्ता काही आमदार नव्हता. पण आमदारांनी माणसं वाटून दिली होती, कुठल्या तारखेला कुठल्या गावाची पाळी आहे याची यादी केली होती, आणि जिथे शंका होती तिथे आदल्या रात्रीच माणूस पाठवला होता. आजी सांगायची, त्याने आजोबांकडून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणून घेतलं. 'मी कसतो, मला जमीन घ्यायची आहे.' चिमणीच्या उजेडात, ओटीवर, शाळेतल्या पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं. सकाळी दोघे चालत अलिबागेला गेले. कचेरीत पुकारा झाला. मालकाचे कारभारी समोर बसले होते. आजोबांनी खाली बघून ते वाक्य म्हटलं. कारकुनाने 'मोठ्याने बोला' म्हणून सांगितलं. मग वर बघून म्हटलं.

त्या जमिनीचे हप्ते फिटेपर्यंत माझ्या वडिलांची शाळा संपली होती. ३२ म चं सर्टिफिकेट आजही आमच्या घरात आहे. कायद्याचं कलम कोणी लिहिलं, कोणत्या तारखेला सभागृहाने ते मंजूर केलं, हे आजोबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी कायदा म्हणजे आदल्या रात्री घरी राहिलेला तो माणूस. यात आजोबांचं अज्ञान आहे असं मला वाटत नाही.

याच काळातली दुसरी एक आठवण वडीलधारी माणसं वेगळ्या सुरात सांगत. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख निवडून गेले. जन्म महाडजवळच्या नात्याचा, घर रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. त्यामुळे त्यांची सही नोटेवर असे, आणि दहाची नोट हातात आली की माणसं ती सही एकमेकांना दाखवत. आमचं गाव त्यांना मत देणारं नव्हतं. ते काँग्रेसचे, केंद्रात अर्थमंत्री, संस्कृतचे पंडित. खांडीवर येऊन उभं राहणारा हा माणूस नव्हे, असं लोक धरून चालले होते.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. मुंबईत गोळ्या चालल्या. देशमुखांनी राजीनामा दिला आणि २५ जुलैला लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. हा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे पंतप्रधानांच्या समोर स्पष्टपणे मांडलं. देशाचा अर्थमंत्री आपल्या मतदारांच्या बाजूने पंतप्रधानांशी भांडला आणि खुर्ची सोडून आला. ज्या आजोबांनी त्यांना मत दिलं नव्हतं तेच पुढे म्हणत, "आपला मानूस होता, आपल्याला उशिरा कललं." मतदारसंघात कमी दिसणारा खासदारही एका दिवसात आपल्या माणसांचं देणं फेडू शकतो, हे देशमुखांनी दाखवलं. तसा दिवस उभ्या कारकिर्दीत एखादाच येतो, आणि तो ओळखायला लागतो.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट आली आणि तिच्यात पनवेलमधून जासईचा एक तरुण वकील विधानसभेत गेला. दिनकर बाळू पाटील. माझं आजोळ उरण तालुक्यातलं, म्हणून त्यांच्या गोष्टी मामांकडून आल्या. लोक त्यांना दि. बा. म्हणत. जन्म १९२६ चा, वडील शिक्षक. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, १९७२ ते ७७ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते.

मामा सांगतात त्या दि. बां.ची पहिली खूण म्हणजे कागद. सकाळी पनवेलला त्यांच्या 'संग्राम' या घरी माणसं जमायची. कोणी हातवारे करून, कोणी रडून सांगायला लागला की ते थांबवायचे. आधी कागद दाखव. सातबारा उलगडून ते इतर हक्काच्या रकान्यात बोट ठेवायचे, फेरफाराचा नंबर बघायचे, पीकपाहणीत कोणाचं नाव लागलंय ते विचारायचे. माणसाचं दुःख खरं आहे हे त्यांना मान्य असायचं, पण सभागृहात उभं राहायचं तर तारीख, गट, क्षेत्र आणि कलम लागतं. सगळं ऐकून झालं की ते कागदाच्या मागे दोन ओळी लिहायचे. त्यातल्या काही ओळींचं पत्र व्हायचं, काहींचा तारांकित प्रश्न, एखादीची लक्षवेधी सूचना.

त्या काळी विधानसभा जुन्या कौन्सिल हॉलमध्येच बसायची, नवं विधान भवन १९८१ मध्ये उघडलं. अधिवेशन असलं की उरणची माणसं मोरा बंदरातून लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरून चालत कौन्सिल हॉल गाठायची. आमच्या बाजूची रेवसहून जायची. नागपूरचं हिवाळी अधिवेशन दूर, पण मुंबईचं सभागृह आमच्या किनाऱ्याला पाण्याने जवळ होतं. गॅलरीचा पास मिळाला की वर बसून ऐकायचं. मामांनी एकदा असंच वर बसून दि. बां.ना ऐकलं. बोलणं सपाट, आवाज न चढवता, एकेक आकडा पुढे ठेवत. खाली आल्यावर मामांनी विचारलं, सभेत बोलता तसं इथे का बोलला नाहीत? त्यावर ते म्हणाले, इथे टाळ्या घ्यायच्या नसतात, उत्तर घ्यायचं असतं. मामांनी हे मला इतक्यांदा सांगितलंय की शब्द थोडे त्यांचेही झाले असतील.

मग जमीन गेली. १९७० च्या फेब्रुवारीत अधिसूचना निघाली, १७ मार्चला सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी लागणार हे ठरलं. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी साठीच्या दशकात मांडली होती. कल्पना मोठी होती. पण ती ज्या जमिनीवर आखली तिथे भात पिकत होतं, मिठागरं होती, मासेमारी होती, आणि जमिनीचे भाव १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ठरणार होते. त्या कायद्याचा नियम असा होता, की अधिसूचना ज्या दिवशी निघाली त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा. ताबा दहा वर्षांनी घ्या, भाव मात्र त्या दिवसाचा. ज्याच्या बापाने बत्तीस म मिळवायला अर्धं आयुष्य घातलं त्याला सरकार सांगत होतं, की तुझ्या जमिनीची किंमत एका तारखेला थांबली आहे. आमच्या भागाचा संताप नीट समजायचा असेल तर या एका नियमापाशी थांबायला हवं.

दि. बां.नी हा नियम सभागृहात, न्यायालयात, सभांत, सगळीकडे उलटासुलटा करून दाखवला. न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घ्यायची वेळ आली तेव्हा लोक रस्त्यावर आले. १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी नवघरला. दोन दिवसांत पाच माणसं गेली. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमलाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील. मामा त्या दिवशी दास्तान फाट्यावर होते. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. बायका पुढे होत्या, एवढं सांगतात, आणि गप्प होतात. मीही पुढे विचारलेलं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, आणि कुलाब्याने दि. बां.ना निवडून दिलं. पाच हुतात्म्यांच्या मागण्या ते दिल्लीला घेऊन गेले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्क्यांची योजना याच लढ्यातून आली. हीही योजना बांधापर्यंत पोचायला वर्षं लागली. पात्रतेचे दाखले, वारसांच्या नोंदी, इरादापत्र, सोडत... म्हातारे वाट बघत गेले आणि भूखंड नातवांच्या नावावर निघाले. तरी कसणाऱ्याला त्याच जमिनीच्या वाढलेल्या किमतीत वाटा द्यायचा हे तत्त्व सरकारने मान्य केलं, आणि मला ते कूळ कायद्याइतकंच मोठं वाटतं. २०१३ च्या जूनमध्ये दि. बा. गेले. त्या नव्या शहराच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये लोकांनी मैलोगणती मानवी साखळी धरली, तेव्हा तिच्यात मामांची नातवंडंही होती. त्यांनी दि. बां.ना कधी पाहिलेलं नव्हतं.

दक्षिणेकडच्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले आमच्या गावाच्या विरुद्ध पक्षातले, पण त्यांचाही उल्लेख करायलाच हवा. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पुढच्या वर्षी १ जानेवारीला कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला तो त्यांच्यामुळे. जेमतेम दीड वर्षात न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना पद सोडावं लागलं. पण त्यांच्या काळात सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आमच्या शेजारच्या विधवा काकूला महिन्याच्या महिन्याला येत. तिने शेवटपर्यंत त्या पैशांना 'अंतुल्याचं पैसं' म्हटलं आणि मत मात्र शेतकरी कामगार पक्षाच्या खटाऱ्यालाच दिलं. दोन्हींत ती प्रामाणिक होती.

आणि आता? आता आमचे बांध पुन्हा फुटताहेत. जोळाची रीत मोडली. तरुण माणसं कंपन्यांत आणि मुंबईत, रात्री हाक मारली तर यायला घरात हात नाहीत. १९७९ च्या कायद्याने खारबंदिस्ती सरकारच्या अंगावर आली, पण योजना मंजूर व्हायची, निधी यायचा, ठेकेदार ठरायचा, तोवर दुसरा पावसाळा येतो. माणकुळ्याकडे, शहापूर-धेरंडकडे जाऊन बघा. भाताच्या खाचरांत खारं पाणी राहिलं की तिवरं उगवतात. तिवरं वाचवण्याचे उच्च न्यायालयाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश योग्यच आहेत, तिवरांशिवाय किनारा टिकणार नाही. पण सातबाऱ्यावर भातशेती असलेल्या जमिनीत, सरकारी बांध वेळेत दुरुस्त झाला नाही म्हणून तिवरं उगवली, तर त्या शेतकऱ्याने कुठे जायचं? त्याला भरपाई नाही, जमीन परत पिकाखाली आणायची मुभा नाही. हा प्रश्न कायद्याचा आहे, आणि तो सभागृहातच सुटेल. आमच्या भागातून आजवर जेवढे प्रश्न सभागृहात गेले त्यांतल्या कोणत्याहीपेक्षा तो लहान नाही.

विधिमंडळातल्या प्रश्नांची उत्तरं छापील यादीत येतात ती मी वाचत असतो. खांड पडली हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' असं येतं आणि शेवटच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही' असं. हे वाचून मला राग येतो. पण त्या रागाचं काय करायचं हे दि. बां.च्या घरी कागद घेऊन बसलेल्या माणसांनी दाखवून ठेवलंय. उत्तर अर्धवट आलं तर प्रश्नात काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं. गट नंबर नसतो, तारीख नसते, फोटो नसतो, मागच्या पत्राचा जावक क्रमांक नसतो.

म्हणून यंदा अधिवेशनाच्या आधी गावाने आमदारांना निवेदन द्यायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गटवार क्षेत्र घातलं, खांडीची लांबी मोजून घातली, उघाडीच्या कुजलेल्या झडपांचे फोटो जोडले, पीक बुडाल्याची सालं लिहिली, खारभूमी खात्याशी झालेला पत्रव्यवहार तारखांसह लावला. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं, दोन गट नंबर दुरुस्त केले आणि म्हणाले, खाली अजून एक मागणी लिही. पाहणीला अधिकारी पाठवायचा तो उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळेला पाठवावा. ओहोटीला आलेल्या साहेबाला बांध नेहमी धडच दिसतो.